मधुमक्षिकापालनाचा पहिला धडा

मधमाशा पाळूं इच्छिणाऱ्या नवशिक्यास प्रथम प्रश्न सुचतो तो असा, “मध किती निघेल?” आमच्या मतें त्यानें आधीं विचारावें, “माशांसाठीं मध किती ठेवावा?”

पोळें काढण्याची जुनी रीत खेड्यांत सर्वांस ठाऊक आहे. धूर करून माशा हांकावयाच्या, सबंध पोळें कापावयाचें आणि हातांनीं पिळावयाचें. त्यांत मधाबरोबर अंडीं व अळ्याही चिरडतात. अंड्यापासून कामकरी माशी तयार होण्यास सुमारें तीन आठवडे लागतात. ती सारी पुढली पिढी एका मुठींत नाहींशी होते.

हा नाश टाळण्याची वाट १८५१ सालीं अमेरिकेंतील पाद्री लँगस्ट्रॉथ यांस दिसली. पेटींत सुमारें तीन अष्टमांश इंच जागा मोकळी ठेविल्यास माशा ती बुजवीत नाहींत, हें जाणून त्यांनीं सुट्या चौकटींची पेटी केली. पुढें फादर न्यूटन यांनीं दक्षिण भारतांत आपल्या सातेरी माशीजोगी लहान पेटी बनवून खेडुतांस ही विद्या शिकविली. आग्या माशी उघड्यावर एकच पोळें बांधते. ती पेटींत नांदत नाहीं. सातेरी ढोलींत समांतर पोळीं बांधते, म्हणून तीच पाळावी.

नवशिक्यानें उघाडीच्या दिवशीं, दाराशीं उभें न राहतां बाजूनें पेटी उघडावी. थोडा धूर द्यावा व एकेक चौकट सावकाश उचलून अंडीं, अळ्या व मध ओळखावयास शिकावें. मुंग्यांसाठीं घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे. नांगी रुतल्यास ती नखानें लगेच खरडून काढावी. मात्र दंशानें अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास कोंडला, तर विलंब न करितां डॉक्टरांकडे न्यावें.

खालच्या खणांत माशांची प्रजा व शिधा असतो. त्यास हात लावूं नये. वरच्या खणांतील मेणानें झांकलेला मध तेवढा यंत्रानें काढावा, म्हणजे पोळें अभंग राहून पुन्हां कामीं येतें. सह्याद्रीच्या पावसांत माशांस बाहेर पडतां येत नाहीं. वैशाखांत सर्व मध काढणाऱ्यास श्रावणांत बहुधा रिकामी पेटी दिसते. उपाशी सातेरी घर सोडून जाते. शिधा कमी पडल्यास साखरेचा पाक द्यावा.

महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें गांव २०२२ सालीं ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें. आपल्या मुलानें पेटी मागितल्यास पालकांनीं ती अवश्य द्यावी. परंतु पहिल्या वर्षीं त्याजकडे मधाचा हिशेब मागूं नये. पावसाळ्यानंतर माशा नांदत आहेत काय, एवढेंच विचारावें.