सभासदाची नोटीस आणि संस्थेचे कर्तव्य

सहकाराचा पाया परस्परविश्वास हा आहे. परंतु विश्वास म्हणजे मतभेदांचा अभाव नव्हे. जेथे अनेक कुटुंबे सामाईक मालमत्तेचा कारभार एकत्र चालवितात, तेथे तक्रारी उद्भवणारच. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागांच्या शहरात निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे शेजारी नांदतात. येथील सहकारी गृहनिर्माण संस्थांनाही हा नियम लागू आहे.

अशा संस्थेच्या सभेत एखादा सभासद उठून म्हणतो, ‘‘हा ठराव केलात तर मी कोर्टात जाईन.’’ या एका वाक्याने पुष्कळदा सभेचे रूपच पालटते. काही ठिकाणी कार्यकारी समिती भयभीत होते आणि विषय पुढील सभेवर ढकलला जातो. काही ठिकाणी त्या सभासदाला संस्थेचा शत्रू मानले जाते. हे दोन्ही मार्ग संस्थेस घातक आहेत.

धमकी आणि हक्क

न्यायालयात दाद मागणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. तो बजावला म्हणून कोणासही शिक्षा करता येत नाही. मात्र या हक्काचा धाक दाखवून इतरांची तोंडे बंद करणे ही वेगळी गोष्ट होय. सभेत उच्चारलेले वाक्य, वकिलाची नोटीस आणि न्यायालयाचा मनाई हुकूम या तीन पायऱ्यांतील भेद समितीने नीट समजून घेतला पाहिजे. वकिलाची नोटीस हे पक्षकाराचे म्हणणे असते, न्यायालयाचा आदेश नव्हे. तिची दखल घेऊन उत्तर देणे हिताचे असते, परंतु केवळ तिच्यामुळे संस्थेचे काम थांबविण्याचे बंधन येत नाही. मनाई हुकूम आल्यास मात्र त्याचे तंतोतंत पालन केलेच पाहिजे.

हा भेद का महत्त्वाचा, हे दुरुस्तीच्या प्रश्नावरून ध्यानात येईल. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे भिवंडीतील पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत कोसळून अनेक रहिवासी मृत्युमुखी पडले. जुन्या इमारतीची देखभाल हा जीवितरक्षणाचा प्रश्न आहे, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर ५ वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी करावयाची असते. खर्चाच्या वाटणीवरून कोणी नोटीस दिली, तर वाटणीचा वाद योग्य त्या ठिकाणी चालू शकतो. तपासणीने त्यासाठी थांबावे असे नाही.

कोणता वाद कोठे?

पुष्कळशा धमक्या अज्ञानातून येतात, कारण दाद कोठे मागावी हेच सभासदास ठाऊक नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ९१ अन्वये संस्थेची निवडणूक, सभा, व्यवस्थापन व कामकाज यांसंबंधीचे वाद सहकार न्यायालयाकडे जातात. त्या निर्णयाविरुद्ध २ महिन्यांच्या आत सहकार अपील न्यायालयात जाता येते. संस्थेच्या कामकाजासंबंधी दिवाणी दावा लावण्यापूर्वी निबंधकास लेखी नोटीस देऊन २ महिने थांबावे लागते, असे कलम १६४ सांगते. हा अवधी केवळ वाट पाहण्यासाठी नसून, समेटाच्या प्रयत्नासाठी त्याचा उपयोग करून घेता येतो.

आदर्श उपविधींत याची अधिक सोपी विभागणी आढळते. अभिलेख न दाखविणे, वार्षिक सभा न बोलाविणे किंवा निधीचा गैरवापर या तक्रारी निबंधकाकडे न्यावयाच्या असतात. गळती, वाहनांची जागा, पाण्याचे असमान वाटप आणि समितीचे ठराव हे विषय सहकार न्यायालयाचे. विकासकाने करार न पाळल्यास दिवाणी न्यायालय, अनधिकृत बांधकामासाठी महानगरपालिका आणि मारहाण वा दमदाटी झाल्यास पोलीस ठाणे, असा हा क्रम आहे.

समितीने काय करावे?

प्रथम, तोंडी धमकीवर वाद न घालता सभासदास आपले म्हणणे लेखी देण्याची विनंती करावी. लेखी तक्रार आल्यास समितीने लगतच्या सभेत निर्णय घेऊन त्यानंतर १५ दिवसांत तो कळवावा, अशी उपविधींची अपेक्षा आहे. उत्तर मुद्देसूद असावे. त्यात कोणाच्या स्वभावाची चर्चा नसावी.

दुसरे, नोटीस इतिवृत्तात नोंदवावी आणि वादाशी संबंधित सर्व कागद जपून ठेवावेत. प्रकरण न्यायप्रविष्ट झाल्यावर त्यावर जिन्यात व नाक्यावर चर्चा करू नये. संस्थेच्या वतीने एकाच अधिकृत व्यक्तीने बोलावे. ज्या समिती सदस्याचा वादात स्वतःचा हितसंबंध असेल, त्याने त्या निर्णयातून दूर राहावे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सभासदाचे दैनंदिन हक्क अबाधित ठेवावेत. नोटीस दिली म्हणून पाणी बंद करणे, सभेची सूचना न पाठविणे किंवा कागदपत्रे नाकारणे यांमुळे संस्थेचीच बाजू दुबळी होते. सभासदास काढून टाकणेही सोपे नाही. कलम ३५ नुसार त्यासाठी खास बोलाविलेल्या सर्वसाधारण सभेतील उपस्थित व मतदानास पात्र सभासदांपैकी किमान तीन चतुर्थांश बहुमत, सभासदास बाजू मांडण्याची संधी आणि निबंधकाची मान्यता या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत. विधिमंडळाने ही कवाडे मुद्दामच अरुंद ठेवली आहेत. त्यामुळे रागाच्या भरात कोणाचे सभासदत्व जात नाही.

संवादाची परंपरा

वाद चिघळण्यापूर्वी बोलून मिटविण्याचा धडा भिवंडीने यापूर्वीही गिरविला आहे. १९७० व १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने १९८८ नंतर मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. निरनिराळ्या धर्मांचे व व्यवसायांचे रहिवासी पोलिसांसह एकत्र बसून किरकोळ भांडणे मिटवू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. गृहनिर्माण संस्थेचा वाद त्या मानाने लहान असतो. परंतु ऐकून घेणारे कोणी आहे, हा भरवसा तेथेही तेच काम करतो.

वाद न्यायालयात गेल्यावरही समेटाचे दार बंद होत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये भरणाऱ्या लोकअदालतीत तडजोड झाल्यास तो निवाडा अंतिम असतो व त्यावर अपील होत नाही. पात्र व्यक्तींना तालुका विधी सेवा समितीमार्फत मोफत सल्लाही मिळू शकतो.

ज्या संस्थेचे दप्तर स्वच्छ, इतिवृत्त पूर्ण आणि उत्तर वेळेवर, तिला नोटिशीचे भय नसते. कायद्याचा धाक घालणाऱ्यास कायद्याचीच वाट सौजन्याने दाखवावी आणि संस्थेचे काम चालू ठेवावे, हेच सहकाराला शोभणारे उत्तर होय.