कोणाशी लढलास ते सांग

पुणे

चि. अथर्व,

तुझा मेसेज मिळाला आणि त्याच संध्याकाळी दादाचा फोनही आला. तू लिहितोस, ‘आत्या, मिस्टीची स्टारमी माझ्या चारमेलियनला धुऊन काढते. आता चारिझार्ड झाल्याशिवाय तिच्या जिममध्ये पाय ठेवणार नाही.’ दादा म्हणतो, पोरगं सुट्टी लागल्यापासून एकाच गवतात फेऱ्या मारतंय. खेळू नकोस असं मी सांगणार नाही. कॉलेजात असताना मीही पोकेमॉनचा हा खेळ मन लावून खेळले आहे, आणि पुढे गणित शिकवायला लागल्यावर त्यातला हिशोब मला जास्तच आवडायला लागला. तोच हिशोब तुझ्यासमोर मांडते.

तुझा चारमेलियन लेव्हल 20 वर आहे. तिथे त्याच्या खात्यावर 5,460 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, असतात. त्याचा चारिझार्ड होतो लेव्हल 36 ला, आणि त्यासाठी 40,007 लागतात. म्हणजे अजून साधारण साडेचौतीस हजार कमवायचे. तुझ्या ‘पोकेमॉन फायररेड’मध्ये एका लढतीचे एक्सपी काढायची रीत सोपी आहे. प्रत्येक जातीला एक ठरावीक आकडा दिलेला असतो. त्याला हरलेल्या पोकेमॉनच्या लेव्हलने गुणायचं आणि 7 ने भागायचं. कॅटरपीचा आकडा 53. सात लेव्हलचा जंगली कॅटरपी पाडलास की 53 एक्सपी मिळतात. या दराने चारिझार्डसाठी साडेसहाशे कॅटरपी पाडावे लागतील. दादा वैतागतो त्यात नवल नाही.

आता जिमची प्रमुख असलेल्या मिस्टीकडे बघ. स्टारमीचा आकडा 207, लेव्हल 21. गुणून भागलं की 621. शिवाय समोरचा पोकेमॉन ट्रेनरचा असेल तर मिळकत दीडपट होते, म्हणजे 931. ज्या स्टारमीला टाळण्यासाठी तू गवतात फिरतोयस, ती एकटी सतरा कॅटरपींच्या वर देऊन जाते. या सूत्रात तू किती तास खेळलास याला जागाच नाही. समोर कोण होतं आणि ते कितव्या लेव्हलचं होतं, एवढंच त्यात आहे. आखाड्यात पोरासोरांना चीतपट करून कुणी हिंदकेसरी होत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

अनुभवाचे गुण मोजण्याची ही पद्धत पोकेमॉनच्याही आधीची आहे. 1974 साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-फाशांचा खेळ निघाला. त्यात राक्षस मारल्याचे गुण मिळत, तसेच खजिना सुखरूप बाहेर आणल्याचेही मिळत. जपानमध्ये 1986 च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने ही कल्पना घरोघरच्या टीव्हीवर नेली. मग 1996 मध्ये सातोशी ताजिरी आणि त्यांच्या ‘गेम फ्रीक’ने गेम बॉयवर पहिला पोकेमॉन आणला. ताजिरींना लहानपणी किडे पकडायचा नाद होता, त्यातून ही प्राणी जमवण्याची कल्पना आली. गुण कशाला द्यायचे हे खेळ रचणारा ठरवतो, आणि त्यावरून त्याला खेळणाऱ्याकडून काय हवंय ते कळतं. तुझ्या फायररेडमध्ये तर पोकेमॉन पकडल्याचेसुद्धा एक्सपी नाहीत. ते 2013 च्या ‘पोकेमॉन एक्स’ आणि ‘वाय’पासून मिळायला लागले. तुझ्या खेळात एक्सपी कमवायचे ते मुख्यतः लढून.

दुसरी गोष्ट लेव्हलच्या आकड्याची. लेव्हल 50 म्हणजे निम्मा रस्ता संपला असं तुला वाटत असेल, तर पिकाचूचं उदाहरण घे. त्याला लागणारे एकूण एक्सपी म्हणजे लेव्हलचा घन. 10 ला एक हजार, 50 ला सव्वा लाख, 100 ला दहा लाख. पन्नासाव्या लेव्हलला आठवा हिस्साच झालेला असतो, आणि निम्मा रस्ता जवळजवळ 80 ला येतो. 5 वरून 6 वर जायला 91 पुरतात, 50 वरून 51 ला 7,651 लागतात आणि 99 वरून 100 ला 29,701. समोरच्याकडून मिळणारे एक्सपी मात्र त्याच्या लेव्हलच्या सरळ प्रमाणातच वाढतात. पाच लेव्हलचा झुबॅट 38 देतो, पन्नास लेव्हलचा 385. म्हणजे बरोबरीच्या झुबॅटशी लढलास तरी सुरुवातीला एका लेव्हलला तीन लढती पुरतात आणि पन्नाशीला वीस लागतात. तू तिथे वाढत राहिलास आणि गवत मात्र सात लेव्हलचंच राहिलं, तर गणित कधीच जुळणार नाही. पुढच्या गावाला जाणं हाच लेव्हल वाढवायचा खरा उपाय आहे.

सगळ्या पोकेमॉनची वाढीची चालही सारखी नसते. चारमँडर, बल्बासॉर, स्क्विर्टल यांना शंभरीसाठी 10,59,860 लागतात, क्लेफेरीला आठ लाखांत भागतं, आणि मॅजिकार्पला साडेबारा लाख. मॅजिकार्प हळू वाढतो म्हणून त्याला कमी लेखू नकोस. तो 20 ला गॅराडॉस होतो. त्याला लढता येत नाही हे खरं, पण लढतीत भाग घेता येतो. त्याला पहिल्यांदा मैदानात उतरव, लगेच परत बोलाव आणि चारमेलियनला पुढे कर. जिंकल्यावर एक्सपी दोघांत निम्मे निम्मे वाटले जातात. फक्त तो बेशुद्ध पडता कामा नये, नाहीतर त्याचा वाटा बुडतो. पुढे पन्नास जातींचे पोकेमॉन पकडलेस की रूट 15 वर प्रोफेसर ओक यांचा मदतनीस तुला एक्सपी शेअर देईल. ते ज्याच्याकडे असेल त्याला मैदानात न उतरताही वाटा मिळतो. 2019 च्या ‘पोकेमॉन सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये ही वाटणी संपूर्ण संघाला आपोआप होते. तुझ्या खेळात मात्र कुणाला वाटेकरी करायचं ते तुला ठरवावं लागतं. सगळे एक्सपी एकट्या चारमेलियनच्या खात्यावर टाकशील तर पाण्याचा पोकेमॉन समोर आला की प्रत्येक वेळी असाच अडकशील.

आता पडद्यावर न दिसणारी गोष्ट सांगते. प्रत्येक लढतीनंतर एक्सपीबरोबर आणखी एक नोंद होते. तिला खेळणारे ईव्ही म्हणतात. झुबॅटला हरवलंस की वेगाचा एक ईव्ही, जिओड्यूडला हरवलंस की बचावाचा, माचॉपला हरवलंस की हल्ल्याचा. शंभराव्या लेव्हलला दर चार ईव्हींमागे त्या गुणात एकाची भर पडलेली असते. एका गुणात 252 च्या पुढे गेल्याने काही वाढत नाही, आणि सगळे मिळून मर्यादा 510 ची आहे. म्हणून एकाच लेव्हलचे, एकाच जातीचे दोन पोकेमॉन सारखे नसतात. कुणी कोणाशी झुंजून ती लेव्हल गाठली, हे त्यांच्या अंगात उतरलेलं असतं. आणि यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे एक्सपी वाटले गेले की कमी होतात, ईव्ही होत नाहीत. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला ते पूर्ण मिळतात.

रेअर कँडी खाऊ घातलीस की लेव्हल एकाने वाढते, पण ईव्ही एकही मिळत नाही. कँडी वाईट नाही. नंतर लढून ती कसर भरून काढता येते. पण तुझ्या खेळात शंभराव्या लेव्हलला पोचलेल्या पोकेमॉनला लढतीतून ईव्ही मिळणं बंद होतं. आकडा आधी शंभरावर नेला आणि कस नंतर लावू म्हटलं, तर ते दार तोवर लागलेलं असतं.

लेव्हलच्या आकड्याचा हट्ट सोडायला आणखी एक कारण आहे. पोकेमॉनच्या अधिकृत व्हिडिओ गेम स्पर्धांत सगळ्यांचे पोकेमॉन लेव्हल 50 चे धरले जातात. तुझा शंभराचा असो, नियम सगळ्यांना एकच. मग तिथे उरतं काय? संघात कोणाला घेतलंस, ईव्ही कशावर खर्च केलेस, कोणती चाल कधी खेळलास. म्हणजे ज्या आकड्यासाठी तू सुट्टी घालवतोयस, तो सर्वांत मोठ्या मैदानात सगळ्यांचा सारखाच केला जातो.

तेव्हा माझं ऐक. रूट 24 वरच्या नगेट ब्रिजवरचे आणि पुढे रूट 25 वरचे सगळे ट्रेनर आधी हरव. प्रत्येकाचे दीडपट एक्सपी आहेत. तिथल्याच गवतात ऑडिश मिळतो, तो पकड आणि या लढतींत त्याला वाटेकरी कर. विरिडियन जंगलात पिकाचू पकडला असशील तर उत्तमच. मिस्टीकडे दोनच पोकेमॉन आहेत, लेव्हल 18 ची स्टारयू आणि 21 ची स्टारमी, आणि पाण्यापुढे गवत आणि वीज दोन्ही भारी पडतात. तिला हरवून व्हर्मिलियनला गेलास की तिथल्या पोकेमॉन सेंटरमध्ये व्हीएस सीकर मिळेल. हरवलेल्या ट्रेनरशी त्याने पुन्हा लढता येतं. मग गवतात फिरायचं कारणच उरणार नाही.

राहिला दादा. त्याला तासांचा राग आहे, खेळाचा नाही, आणि मघाच्या सूत्रात तासांना जागा नव्हती हे लक्षात ठेव. रोज किती वेळ खेळायचं ते तुम्ही दोघांनी बसून ठरवा, आणि ठरलेला वेळ तगड्या प्रतिस्पर्ध्यांवर घाल. पुढच्या मेसेजमध्ये लेव्हल कितवी झाली ते कळवू नकोस. कोणाशी लढलास आणि कसा जिंकलास, ते सविस्तर लिही.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या