हाडें, सांधे आणि बाजारची पुडी

आपल्या देहांत २०६ हाडें आहेत हें आपण शरीरशास्त्राच्या तासाला पाठ करितों आणि परीक्षा संपली कीं विसरून जातों. प्रस्तुत लेखकाचीहि तीच गत होती. त्या हाडांची खरी ओळख मला पुढें बोरी अरब येथें झाली, आणि ती करून देणारी माझी मावशी कधीं शाळेंत गेलेली नव्हती.

बोरी अरब हें यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यांतील गांव. भोवतीं काळी जमीन, आणि त्या जमिनींत कापूस. कापसाची वेचणी हें हातांचें काम. बोंडांतून सरकीसह कापूस ओढून घ्यावयाचा, आणि तें दिवसभर, वांकून. मावशीनें हें काम तीस वर्षें केलें. एके वर्षीं दिवाळीनंतर मी तिच्या घरीं गेलों असतां ती चुलीपाशीं बसलेली होती, पण भाकरी तिची सून थापीत होती. विचारलें तेव्हां ती म्हणाली, "बापू, सकायच्या पारी मूठच वयत नाही रे. भाकर थापू कशी?" दोन्ही हातांचीं मनगटें व बोटांचीं मुळें सुजलेलीं होतीं. ऊन वर चढलें म्हणजे हात थोडे मोकळे होत. घरांतील सर्वांनीं, मीहि त्यांतच आलों, असें ठरविलें कीं हा वेचणीचा शीण आहे. हंगाम संपला कीं आपोआप उतरेल.

आमची चूक येथेंच झाली. श्रमानें दुखणारा सांधा विश्रांतीनें बरा होतो, तर हा सांधा रात्रभर विश्रांति घेऊन सकाळीं अधिक ताठ होत होता. ही खूण ज्याला ठाऊक असेल त्याला अर्धें निदान घरबसल्या करितां येतें. झिजेमुळें होणाऱ्या संधिवातांत सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आंत जातो, आणि दुखणें गुडघ्यांत किंवा बोटांच्या शेंड्यांजवळच्या सांध्यांत अधिक असतें. आमवातांत, ज्याला डॉक्टर लोक ऱ्हुमॅटॉईड आर्थ्रायटिस म्हणतात, ताठरपणा बहुधा तासाहूनहि अधिक टिकतो. मनगटें, बोटांचीं मुळें व बोटांचे मधले सांधे धरले जातात, आणि बहुधा उजव्या व डाव्या अशा दोन्ही अंगांस सारखेच. बायकांना हा रोग पुरुषांच्या दुपटी-तिपटीनें होतो. आमवात हें नांव आपल्याकडे जुनेंच आहे. माधवकरानें आपल्या निदानग्रंथांत त्याला स्वतंत्र प्रकरण दिलेलें आहे.

आतां सांध्यांत घडतें तरी काय? प्रत्येक हलत्या सांध्याला आंतून एक पातळ अस्तर असतें. तें थोडासा चिकट रस पाझरतें आणि त्या रसावर हाडांचीं टोकें, गुळगुळीत कूर्चेच्या टोप्या घालून, एकमेकांवर सहज सरकतात. आपल्या रक्तांत रोगजंतूंशीं लढणाऱ्या पेशी आहेत हें आपण जाणतांच. आमवातांत या शिपायांना आपपर कळेनासें होतें आणि ते या अस्तरावरच चालून जातात. अस्तर सुजतें, जाड होतें, आणि पुढें पुढें कूर्चेवर व हाडावर पसरून त्यांना कुरतडूं लागतें. एकदां कुरतडलेलें हाड पूर्ववत् होत नाहीं. म्हणून या रोगांत पहिले कांहीं महिने सोन्याच्या मोलाचे असतात. आम्हीं ते वेचणीच्या हिशेबांत घालविले.

पुढें मावशीला शेजारणीनें बाजारांतल्या एका औषधवाल्याची पुडी आणून दिली. पुडीवर नांव नव्हतें, गांव नव्हतें; मुळ्या कुटून केलेली आहे एवढेंच सांगणें. तिसऱ्या दिवशीं मावशी भाकरी थापूं लागली! घरांत आनंदीआनंद झाला, आणि ती पुडी दीड वर्ष चालली. तिचा चेहरा गोल झाला तेव्हां प्रकृति सुधारली असें आम्ही म्हणालों. मग एके दिवशीं अंगणांत पाण्याची कळशी उचलतांना पाठींत कळ आली आणि ती खालीं बसली ती उठेना. यवतमाळला नेऊन क्ष-किरणांचें चित्र काढलें. पाठीच्या कण्यांतील एक मणका दबून गेला होता. डॉक्टरांनीं आधीं चित्र पाहिलें, मग तिचा चेहरा, आणि पहिलाच प्रश्न केला, "पुडी किती दिवस घेतां?"

अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलें असण्याचा संभव फार. या औषधाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच नांवाचे डॉक्टर होते. कावीळ झाली असतां किंवा गरोदरपणांत आमवाताच्या रोग्यांचें दुखणें कमी होतें हें त्यांच्या नजरेस आलें होतें. त्यावरून शरीरांतच असा कांहीं पदार्थ असला पाहिजे असें त्यांनीं ताडलें, आणि १९४८ च्या सप्टेंबरांत एका अंथरुणाला खिळलेल्या बाईला कॉर्टिझोन टोचलें. थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. १९५० सालीं हेंच, केंडॉल व राइखस्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु मोठ्या मात्रेनें फार दिवस दिलेलें हें औषध रोग्याला दुसऱ्या बाजूनें पोखरतें, हेंहि लवकरच दिसून आलें.

कसें पोखरतें तें समजण्यास हाड म्हणजे काय हें समजलें पाहिजे. हाड हें घराच्या वाशासारखें निर्जीव नव्हे. त्यांत जुना भाग उकरून काढणाऱ्या पेशी आहेत आणि नवा भाग रचणाऱ्या पेशी आहेत, व दोघींचें काम रात्रंदिवस चालू असतें. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारें दहावा हिस्सा दर वर्षीं नवा होतो. शरीरांतील शेंकडा ९९ भाग कॅल्शियम हाडांतच सांठविलेलें असतें. स्टेरॉईड रचणाऱ्या पेशींना मंद करितें आणि आंतड्यांतून कॅल्शियम घेण्यांतहि अडथळा आणतें. उकरणें चालू, बांधणें थांबलेलें. अशी भिंत किती दिवस उभी राहणार? त्यांतून आमवात स्वतःहि हाडें विरळ करीत असतोच. मावशीचा मणका असा दोहोंकडून खचला. तरी एक गोष्ट पालकांनीं नीट ध्यानांत घ्यावी: अशी पुडी चालू असल्याचें कळलें तर घाबरून ती एकाएकीं बंद करूं नये. बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉईडमुळें शरीरानें आपलें स्वतःचें निर्माण करणें कमी केलेलें असतें, आणि अचानक तोडल्यास जिवावर बेतूं शकतें. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावें, म्हणजे ते ती हळूहळू उतरवितील. शिवाय स्टेरॉईड हें वैरीच आहे असेंहि नव्हे. थोडें, थोडे दिवस आणि मोजून दिलें तर डॉक्टरहि तें वापरतात.

मावशीला पुढें जें औषध मिळालें त्याचें नांव मेथोट्रेक्सेट. त्याच्यामागें एक आपला माणूस आहे. आंध्रांतील भीमावरम् येथें १८९५ सालीं जन्मलेले येल्लाप्रगड सुब्बाराव अमेरिकेंत लेडर्ली प्रयोगशाळेंत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या हाताखालच्या रसायनज्ञांनीं फोलिक आम्ल तयार केलें आणि फोलिक आम्लाच्या विरुद्ध वागणारीं औषधेंहि तयार केलीं, मेथोट्रेक्सेट त्यांपैकींच. आरंभीं तें रक्ताच्या कर्करोगाकरितां होतें. सुब्बाराव १९४८ सालीं वारले, आणि आमवातासाठीं या औषधाला अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली ती १९८८ सालीं. गंमत अशी कीं आज रोग्याला मेथोट्रेक्सेटबरोबर त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून फोलिक आम्लाची गोळीहि देतात. एकाच प्रयोगशाळेंतले दोन विरोधी भाऊ एकाच घरांत नांदतात. आमवातांत हें औषध आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. रोज घेतल्यास प्राणघातक होऊं शकतें. अधूनमधून रक्त तपासावें लागतें, आणि गर्भवतीला तें देत नाहींत. घरांत ज्याला वाचतां येतें त्या मुलानें आजीची चिठ्ठी स्वतः वाचून वार सांगावा. शाळेंत घालविलेल्या वर्षांचा इतका रोकडा उपयोग दुसरा कोठें होईल?

हा रोग विरळा आहे असें समजूं नये. पुणें जिल्ह्यांत इंदापूर तालुक्यांत भिगवण म्हणून गांव आहे. तेथें १९९६ सालीं डॉ. अरविंद चोपडा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्थानिक स्वयंसेवकांच्या मदतीनें घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ माणसें विचारलीं गेलीं. शेंकडा सुमारें १८ जणांना हाडा-सांध्यांचें कांहीं ना कांहीं दुखणें होतें. पैकीं खरा आमवात शेंकडा अर्धा, म्हणजे दर हजार प्रौढांमागें पांच जणांना. आपल्या गांवची प्रौढ वस्ती मोजून हा हिशेब प्रत्येकानें करून पाहावा. मुलांनाहि एका निराळ्या प्रकारचा संधिवात होतो. सकाळीं लंगडणाऱ्या आणि दुपारीं खेळणाऱ्या मुलाला कामचुकार म्हणण्यापूर्वीं आईबापांनीं त्याचा गुडघा हात लावून पाहावा.

आपल्या जिल्ह्यांत आणखी एक घोटाळा संभवतो. पांढरकवडा, झरी-जामणी या बाजूच्या कांहीं गांवीं विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यांत फ्लोराईड प्रमाणाबाहेर असतें. लिटरला दीड मिलिग्रॅमपर्यंत ही सह्य मर्यादा. त्याहून पुष्कळ अधिक असलेलें पाणी वर्षानुवर्षें प्यालें तर लहानपणीं दांतांवर डाग पडतात, आणि पुढें पाठ व सांधे ताठतात. तो आमवात नव्हे. तेथें गोळी व्यर्थ, पाणीच बदललें पाहिजे.

राहिली तुमच्या हाडांची गोष्ट. हाडांचें बळ सुमारें तिशीपर्यंत वाढतें. पुढें सांठ्यांतून खर्च चालतो. तेव्हां भरणा करण्याचे दिवस हेच. दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला हीं आपल्याकडचींच; नाचणी कोंकणची खरी, पण तिच्या शंभर ग्रॅमांत ३५० मिलिग्रॅमच्या सुमारास कॅल्शियम असतें, म्हणजे तितक्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. उन्हांत धांवावें, उड्या माराव्या, ओझें उचलावें. भार पडल्यावांचून हाड घट्ट होत नाहीं. बिडी ओढणाऱ्यांना आमवात अधिक होतो हें सिद्ध झालेलें आहे, तें तुमच्या वडीलधाऱ्यांना तुम्हीं सांगितलें तर कदाचित् ऐकतील. माझें कोणी ऐकत नाहीं.

मावशीच्या उजव्या हाताचीं दोन बोटें वांकडीं राहिलीं तीं राहिलींच, आणि उंचीहि थोडी कमी झाली. वेचणीला ती आतां जात नाहीं. तिच्या घरच्या भिंतीवरील कॅलेंडरावर प्रत्येक सोमवाराला नात पेन्सिलीनें एक गोल काढते व गोळी दिली कीं त्यांत फुली मारते. गेल्या खेपेस गेलों तेव्हां मावशीनें मला स्वतः थापलेली भाकरी वाढली. ती एका बाजूस जाड होती, आणि मीं दोन खाल्ल्या.