औषध ‘परवडणे’ म्हणजे काय?

प्रास्ताविक

रोगावर औषध सापडणे आणि ते रुग्णाच्या हाती पडणे या दोन भिन्न घटना आहेत. त्यांतील अंतर किती जीवघेणे असू शकते, हे एचआयव्हीच्या औषधांच्या इतिहासावरून समजते.

विषय-विवेचन

तीन औषधे एकत्र दिल्यास विषाणूची वाढ रोखता येते, हे १९९६च्या सुमारास स्पष्ट झाले. श्रीमंत देशांत एड्सचे मृत्यू झपाट्याने घटले. मात्र एका रुग्णाचा वार्षिक खर्च १०,००० डॉलरहून अधिक होता आणि बहुसंख्य रुग्ण सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत होते.

फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या संस्थेला हाच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. हे शक्य झाले ते भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यामुळे. त्यानुसार पेटंट औषधाला नव्हे, तर ते तयार करण्याच्या प्रक्रियेला मिळे. म्हणून वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध बनवण्याची भारतीय कंपन्यांना मुभा होती. अशा औषधांना ‘जेनेरिक’ म्हणतात. अन्यत्र तीन औषधांची पेटंटे निरनिराळ्या कंपन्यांकडे असत. येथे मात्र ती एकाच गोळीत आणता आली. पुढे उत्पादकांतील स्पर्धेने किंमत आणखी उतरली.

२००५पासून भारतातही औषधाला थेट पेटंट मिळू लागले. त्यामुळे नव्या औषधांसाठी वेगळे मार्ग आवश्यक ठरले. पेटंटधारक कंपनीने जेनेरिक उत्पादकांना परवाना देणे, हा त्यांपैकी एक. डोल्युटेग्राविरयुक्त तीन औषधांची गोळी २०१७मध्ये गरीब देशांसाठी वर्षाला सुमारे ७५ डॉलरमध्ये जाहीर झाली, ती याच मार्गाने.

तथापि, किंमत उतरली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. ही गोळी रोज आणि आयुष्यभर घ्यावी लागते. भारतात १ एप्रिल २००४पासून शासकीय केंद्रांत हा उपचार मोफत मिळू लागला. तरीही केंद्रापर्यंतचा प्रवास, बुडणारी मजुरी आणि ‘लोक काय म्हणतील’ ही भीती रुग्णालाच सोसावी लागते.

येथे एक भाषिक बाब ध्यानात घ्यावी. ‘औषध स्वस्त आहे’ हे विधान केवळ औषधाविषयी आहे. ‘परवडते’ म्हटले, की मात्र ‘कोणाला?’ हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर दिल्याशिवाय आरोग्यविषयक लेखन अपुरे राहते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. प्रक्रियेचे पेटंट व औषधाचे पेटंट यांतील फरक सांगा.
२. मोफत औषधही रुग्णाला न परवडण्याची कारणे आपल्या परिसरातील उदाहरणांसह लिहा.