सेलमधली सावड

मृगाचा पाऊस पडून गेला होता. परभणी जिल्ह्यातली काळी जमीन ती. पाय टाकावा तिथे चिखल. रात्री आखाड्यावरचा बैल हंबरू लागला, म्हणून आम्ही उठलो. खुंटीवरची बॅटरी घेतली. बटण दाबले. उजेड पडेना! अंधारात तसेच निघालो. पायाशी काही तरी सळसळले. मागे सरून काडी ओढली, तर हातभरावर घोणस!

सकाळी बॅटरी उघडली. सेलमधून चिकट पाणी गळून स्प्रिंग गंजली होती. चूक आमचीच. सारा उन्हाळा सेल आतच राहू दिले होते. पण सेल गळतो का? त्याआधी तो चालतो कसा, ते पाहू.

साध्या सेलमध्ये चौघे सावडीने काम करतात.

पहिले जस्त. पत्र्याच्या बादलीवर ज्याचा मुलामा असतो, तेच हे. सेलचे भांडे जस्ताचे असते.

दुसरी कोळशाची कांडी. ती मधोमध उभी असते. सेलची टोपी तिच्याच डोक्यावर बसते.

तिसरी कांडीभोवतीची काळी भुकटी. ती मँगनीजच्या खनिजाची. आपल्याच राज्यात, भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीत, असे खनिज निघते.

चौथा ओला क्षार. कल्हईवाला वापरतो तो नवसागर, नाही तर जस्ताचा क्षार.

बटण दाबले की वाट पुरी होते. जस्त हळूहळू विरघळते आणि विजेचे अतिबारीक कण सोडते. त्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात. ओल्या क्षारातून त्यांना वाट नाही. म्हणून ते बाहेरून, दिव्यातून जातात. दिवा लागतो. पुढे ते टोपीतून कांडीत शिरतात. कांडी त्यांना भुकटीपाशी पोचवते. भुकटी त्यांना पोटात घेते. तिकडे क्षाराचे कण आतल्या आत हलून दोन्ही बाजूंचा हिशेब बरोबर राखतात.

जस्त देते, कांडी पोचवते, भुकटी घेते, क्षार मेळ घालतो. एकानेही अंग काढले, की दिवा विझला!

इटलीच्या व्होल्टा याने १८०० साली विजेचा असा पहिला साठा रचला. त्याच्याच नावाने विजेचा जोर मोजतात. फ्रान्सच्या लेक्लांशे याने १८६६ साली या चौघांना एकत्र आणले. आपल्या सेलचा जोर १.५ व्होल्ट. एकापुढे एक दोन सेल घातले, की ३ व्होल्ट.

आता गळण्याचे कारण कळले ना? देता देता जस्ताचे भांडेच झिजते. त्याला भोक पडते आणि क्षार बाहेर येतो. बटण बंद असले तरी थोडी झीज चालूच असते. उन्हाने ती वाढते.

म्हणून एवढे करा :

१. बॅटरी बरेच दिवस लागणार नसेल तर सेल काढून ठेवा.
२. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका.
३. टोपी कुठल्या बाजूला, ते पाहून सेल घाला.
४. सेल विस्तवात टाकू नका. तो फुटतो.
५. गळलेल्या सेलला हात लागला तर हात धुवा.
६. पावसाळ्याआधी बॅटरी एकदा लावून पाहा.

सांगा पाहू :

१. सेलमधले चौघे कोण?
२. दिवा लागतो तेव्हा जस्ताचे काय होते?
३. तुमच्या घरची बॅटरी आज लागते का?