दिवा का लागेना?

संध्याकाळ झाली. घरात अंधार पडू लागला. बटन दाबले, पण दिवा लागला नाही. पुन्हा दाबले. तरी नाही. भिंतीवरची इन्व्हर्टरची पेटी थोडा वेळ पीं-पीं करून ओरडली आणि गप्प बसली.

सासूबाई म्हणाल्या, "पेटी बिघडली. आता आणा नवी!"

नवी पेटी म्हणजे काही हजार रुपये. तेव्हा जरा थांबा. ओरडली ती पेटी खरी. पण दुखणे तिचेच असेल असे नाही.

सोलरची वीज घरात कशी येते, ते आधी पाहू. छपरावरची प्लेट हे आपले शेत. उन्हाचे पीक तिथे निघते. बॅटरी ही कणगी. दिवसा आलेले पीक तिच्यात साठते. दोघांच्या मध्ये एक लहान डबी असते. तिला चार्ज कंट्रोलर म्हणतात. कणगी भरली की दार लावायचे, हे तिचे काम. आणि इन्व्हर्टर म्हणजे जाते. बॅटरीतली वीज एकाच दिशेने वाहते. तिला डीसी म्हणतात. घरातल्या पंख्याला, टीव्हीला लागते ती दिशा पालटणारी वीज, एसी. डीसीची एसी करायची, दाण्याचे पीठ करायचे, एवढेच इन्व्हर्टर करतो.

आता सांगा, कणगीत दाणाच नसेल तर जाते काय दळणार?

म्हणून पेटी बंद पडली की आधी तिच्यावरचे दिवे आणि अक्षरे वाचा. 'लो बॅटरी' असे दिसले, तर बॅटरी रिकामी झाली आहे. पेटीने मुद्दाम काम थांबवले आहे, कारण फार उपसली तर बॅटरी कायमची मरते. 'ओव्हरलोड' दिसले, तर पेटीवर तिच्या ताकदीपेक्षा जास्त ओझे पडले. मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर यांपैकी काहीतरी कोणी लावले असेल. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. ती वस्तू काढा, पेटी बंद करून पुन्हा चालू करा. सगळ्या वस्तू काढूनही 'ओव्हरलोड' येतच राहिले, तर मात्र घरातली वायर कुठेतरी एकमेकींना चिकटली आहे किंवा पेटीच्या आत बिघाड आहे. ते काम मिस्त्रीचे.

बॅटरी रिकामी का झाली, हे शोधायला कागद आणि पेन्सिल घ्या. वस्तूवर जे वॉट लिहिलेले असतात, त्यांना तासांनी गुणायचे. 9 वॉटचे 3 दिवे 5 तास चालले: 9 गुणिले 3 गुणिले 5, म्हणजे 135. जुन्या धाटणीचा 75 वॉटचा पंखा 6 तास चालला: 450. एकूण 585. आता आवक पाहा. 100 वॉटची एक प्लेट आपल्याकडे स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण 400 देते, आणि त्यातलेही थोडे वाटेत सांडते. आवक 400, खर्च 585. बिघाड कुठेच नाही! हिशोबच जुळत नाही. हाच पंखा नव्या तऱ्हेचा, बीएलडीसी म्हणतात तो, 30 वॉटचा घेतला तर 6 तासांचे 180 होतात. दिवे धरून 315. मग घर चालते. पावसाळ्यात आवक निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, हेही धरून चाला.

हिशोब जुळतो आणि तरीही बॅटरी भरत नाही, असे असेल तर दिवसा प्लेटकडे पाहा. धूळ, कावळ्याची घाण, शेवग्याची वाढलेली फांदी. प्लेटच्या आतले तुकडे माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. त्यामुळे एका कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज पुष्कळ घटते. काही घरी प्लेटवर मिरच्या नि पापड वाळत घातलेले दिसतात. जागा तापते खरी, पण तेवढ्या वेळात कणगीत दाणा पडत नाही. प्लेट सकाळी लवकर, गार असताना धुवावी. साधे पाणी आणि मऊ फडके पुरे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकले तर काच तडकू शकते.

मग बॅटरीच्या टोकांकडे पाहा. पुष्कळदा दुखणे सापडते ते इथेच. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमते, नट सैल पडतो आणि वीज अडते. वरून सगळे ठीक दिसते, म्हणून लोक फसतात आणि चांगली पेटी बदलतात.

साफ करायचे ते क्रमाने. आधी इन्व्हर्टर बंद. मग प्लेटकडून येणाऱ्या वायरीचे बटन बंद. प्लेट जोडलेली असताना बॅटरी सोडली तर कंट्रोलर जळू शकतो. असे बटन नसेल तर बॅटरी सोडू नका, मिस्त्रीला बोलवा. मग काळी वायर काढा, नंतर लाल. टोके सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसा. ते पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये. कोरडी करा, थोडे व्हॅसलिन लावा. जोडताना उलट: आधी लाल, मग काळी, शेवटी प्लेट. हातातल्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा. पाना दोन्ही टोकांना एकदम लागला तर मोठी ठिणगी उडते. बॅटरी भरताना तिच्यातून पेटणारा वायू निघतो, म्हणून जवळ बिडी नको, चिमणी नको.

पाण्याच्या बॅटरीत खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे, नळाचे नाही. लिथियमची बॅटरी असेल तर तिला पाणी लागत नाही. ती उघडूच नये.

मल्टिमीटर असेल तर सकाळी ऊन येण्याआधी, सगळे बंद असताना मोजा. शिशाची 12 व्होल्टची बॅटरी भरलेली असली की 12.6 च्या पुढे दाखवते. 12.2 म्हणजे जवळपास निम्मी. दिवसभर ऊन खाऊनही दोन दिवे लावताच आकडा भराभर घसरतो का? मग ती म्हातारी झाली. अशा बॅटरीचे आयुष्य सहसा 3 ते 5 वर्षांचे.

फ्यूज उडाला असेल तर त्याच आकड्याचा नवा घाला. तांब्याची तार गुंडाळून काम भागवणारे हुशार लोक गावोगावी आहेत. फ्यूज हा राखणदार. त्याच्या जागी तार बसवली की पुढच्या वेळी जळते ते घर.

आता दुसऱ्या तऱ्हेचे सोलर. 2024 साली केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आली. त्यानंतर पुष्कळ घरांवर बॅटरी नसलेले, थेट विजेच्या लाइनला जोडलेले सोलर बसले. तिथे एक तक्रार नेहमी ऐकू येते. "भर उन्हात लाइट गेली आणि सोलरही बंद! मग उपयोग काय?" हा बिघाड नव्हे. लाइट गेल्यावर वायरमन खांबावर चढतो. तार मेलेली आहे असे समजून तो हात घालतो. तुमच्या छपरावरची वीज त्या तारेत गेली तर तो जागीच मरेल. म्हणून लाइट गेली की हा इन्व्हर्टर आपणहून थांबतो, आणि आल्यावर काही मिनिटे वाट पाहून सुरू होतो. त्याला फसवून चालू ठेवण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका.

लाइनचा दाब 230 व्होल्टच्या फार वर-खाली गेला तरीही तो थांबतो. रोज ठराविक वेळी असे होत असेल तर वेळ लिहून ठेवा आणि वीज कचेरीत कळवा.

पावसात लाल दिवा लागला आणि 'इन्सुलेशन' किंवा 'अर्थ फॉल्ट' असे दिसले, तर तिथे हात थांबवा. उंदराने वायर कुरतडली असेल, जोडात पाणी शिरले असेल. प्लेटच्या चौकटीतही वीज उतरलेली असू शकते. छपरावर चढू नका, मुलांना चढू देऊ नका. मेन स्विच बंद केला तरी दिवसा प्लेटकडून येणारी वायर जिवंतच असते. सूर्याला बटन नाही. छपरावरच्या प्लेटा माळेने जोडल्या की त्या वायरीत शेकडो व्होल्ट असतात. तिचे जोड चालू असताना ओढून काढले तर ज्वाळेसारखी ठिणगी उठते आणि विझत नाही. पेटीचे झाकणही उघडू नये; बंद केल्यावरही आत काही वेळ वीज साठून राहते. जळका वास आला, धूर दिसला तर पाणी ओतू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि 101 किंवा 112 ला फोन करा.

मिस्त्रीला बोलावताना "सोलर चालत नाही" एवढेच सांगितले तर तो रिकाम्या हाताने येतो आणि दुसरी खेप घालतो. काय दिसले ते लिहून ठेवा. पेटीवरची अक्षरे इंग्रजी असतील आणि येत नसतील, तर दिसतात तशी रांगोळीसारखी कागदावर काढा. सूनबाईंनी लिहिलेली ही चिठ्ठी पाहा:

"मंगळवार, सकाळी 11. ऊन स्वच्छ. कंट्रोलरवरचा चार्जिंगचा दिवा लागत नाही. प्लेट धुतली. सावली नाही. बॅटरीची टोके घट्ट आहेत. सकाळी 11.9 व्होल्ट. काल रात्री माकडे छपरावर होती. वायर पाहायला शिडी घेऊन या."