कार्ड खिशात, नाव गावात

लातूरच्या क्लासच्या गल्ल्यांत मी बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम करते. मतदानाच्या दिवशी बूथबाहेर यादी घेऊन बसलं की असा एखादा पोरगा हटकून येतोच. २० नोव्हेंबर २०२४ ला मुखेड तालुक्यातला, नीट पुन्हा देणारा एक रिपीटर आला. माझं बोट यादीवरून खाली गेलं, पुन्हा वर आलं. नाव नाही. "मॅडम, कार्ड तर ओरिजनल आहे की!" होतंच ते ओरिजनल, पण नाव गावच्या यादीत. चार वाजत आले होते, मतदान सहापर्यंत. एसटी मिळाली असती तरी मुखेड हाती लागत नव्हतं.

त्याची तर दोन मतं हुकली. विधानसभेबरोबरच, खासदार वसंतराव चव्हाणांच्या निधनामुळे नांदेड लोकसभेची पोटनिवडणूकही त्याच दिवशी होती. रवींद्र चव्हाण ती १,४५७ मतांनी जिंकले. कोण जिंकलं याच्याशी मला देणंघेणं नाही. पण अख्ख्या लोकसभेला एवढाच फरक, आणि नांदेडची किती लेकरं इथे खोल्या करून राहतात!

म्हणून पोरांनो, नाव कुठे ठेवायचं ते आधी ठरवा. गावाकडे की लातुरात, दोन्ही चालतं. दोन्हीकडे मात्र नाही, तो गुन्हा आहे. गावात नाव असेल तर इथे नवा ६ नंबरचा फॉर्म भरू नका, स्थलांतराचा ८ नंबर भरा. पत्त्याच्या पुराव्याला मालक भाडेकरार देत नाही ही नेहमीची रड. अशा वेळी मान्यताप्राप्त कॉलेजच्या प्राचार्यांचा दाखला कामी येतो, खासगी क्लासचं आयकार्ड नाही.

ठरवताना परीक्षेचं कॅलेंडर समोर ठेवा. २०२४ ला नीट ५ मेला झाली. नांदेडचं लोकसभा मतदान २६ एप्रिलला, म्हणजे ऐन रिव्हिजनमध्ये. लातूरचं ७ मेला, तोवर निम्म्या खोल्या रिकाम्या.

सतरा पूर्ण असतील तरी अर्ज घेतात. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, यांपैकी ज्या तारखेपर्यंत अठरा भरतील तेव्हा नाव लागतं. मोबाइलवर अर्ज भरला की काम झालं असं मात्र समजू नका. पडताळणीला आम्ही दिवसा येतो, आणि तुम्ही अभ्यासिकेत. घरमालकाला नाहीतर मेसवाल्या मावशींना तेवढं सांगून ठेवा.